कावजी बाद!

त्या राज्यात तळं एकच होतं, पण घाट दोन होते. वरचा घाट पांढऱ्या दगडाचा. तिथे झऱ्याचं पाणी थेट उतरायचं आणि तळाशी पडलेलं पान दिसावं इतकं नितळ असायचं. खालचा घाट म्हणजे नुसता चिखलाचा उतार. तिथे म्हशी डुंबायच्या, आणि म्हशी उठून गेल्या की जे उरायचं ते काळ्या पाखरांनी प्यायचं. वरचा घाट पांढऱ्यांचा आणि खालचा काळ्यांचा, असं कुठेही ठरलेलं नव्हतं. विचारलं तर कोणीही छाती पुढे काढून सांगायचं, छे छे, आमच्याकडे रंग कोण बघतो! आमच्याकडे फक्त खेळ बघतात.

आणि ते अगदीच खोटं नव्हतं. वरच्या घाटाला लागून मैदान होतं. तिथे चेंडूफळीचा खेळ चालायचा. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने तो फळीने टोलवायचा, पंख मिटून पायांनीच चार दगडांना वळसा घालायचा आणि घरच्या दगडावर परत यायचं. परत आला की फेरी झाली. चेंडू झेलला गेला, किंवा धावताना अंगाला लागला, की बाद. फेरी झाली तरी खेळणाऱ्याचं नाव पुकारायचं, बाद झाला तरी पुकारायचं. ज्याचं नाव त्या मैदानात एकदा पुकारलं गेलं, त्याच्या साऱ्या कुळाला, म्हणजे त्याच्या पाणवठ्यावरच्या सगळ्यांना, वरच्या घाटाचं पाणी कायमचं मोकळं. हा नियम सगळ्यांना सारखा होता. फक्त काळ्या पाखराला कोणी कधी खेळायला घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव पुकारायची वेळ आली नव्हती. आता बोला!

राजा होता राजहंस. मान लांब, चाल डौलदार, आणि स्वतःविषयीचं मत त्याहून डौलदार. त्याची गादीही या खेळावरच उभी होती. दर साली वसंत संपताना मोठा सामना व्हायचा आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत राजाने फळी धरून खेळायला उभं राहायचं, अशी जुनी रीत होती. ज्या साली राजा उभा राहणार नाही, त्या साली गादी रिकामी झाली असं धरायचं. असं कधी झालं नव्हतं. राजाला खेळायला मिळणार नाही, हे कोणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

समोरच्या संघाचा म्होरक्या होता काकाकुवा, राणीचा भाऊ. तोही पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा. बोलायला लागला की तुरा आपोआप उभा राहायचा. त्याचा संघ दर साली हरायचा, आणि मेहुण्याचं ते मंद हसू बघत त्याला दर साली पंक्तीला बसावं लागायचं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

खालच्या घाटावरच्या बाभळीवर कावजी नावाचा कावळा राहायचा. त्याला वाढवलं आत्याने. आत्याची स्वतःची पिल्लं एका कडक उन्हाळ्यात, तेच गढूळ पाणी पिऊन, एकामागोमाग एक गेली होती. तेव्हापासून तिने रडणं सोडलं आणि बोलणं धरलं, असं सगळी बाभळ म्हणायची. तिच्या जिभेला म्हशीसुद्धा भ्यायच्या. "मरायच्या आधी वरचं पाणी पिणार," ती म्हणायची. "चोरून प्यायचं असतं तर कधीच प्याले असते. मला भर दिवसा प्यायचंय, सगळ्यांच्या देखत."

कावळ्यांकडे चेंडू नव्हता. ते वाळलेल्या बेलफळावर खेळायचे. कावजीने बेलफळ टोलवलं की ते तळ्याच्या पार जायचं. एकदा ते असंच गेलं आणि तोंड पाडून फिरत असलेल्या काकाकुव्याच्या तुऱ्याला घासून पडलं. काकाकुवा तरातरा खाली उतरला.

"कोणी मारलं हे?"

बाभळीवर चिडीचूप. वरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे तिथली पिल्लंही जाणत होती.

"मी," कावजी म्हणाला. "लागलं का?"

"पुन्हा मार."

कावजीने मारलं. काकाकुवा ते जाताना बघत राहिला आणि त्याचा तुरा हळूहळू उभा राहिला. "माझ्या संघात ये," तो म्हणाला. "मी रंग बघत नाही, मी फेऱ्या बघतो. पण एक अट आहे. वर गेल्यावर कोणी काही बोलो, पिसं उपटो, पायात पाय घालो, तू 'काव' म्हणायचं नाही. एकदा का तू चोच उघडलीस की सगळे म्हणतील, बघा, शेवटी कावळाच!"

"आणि नाव पुकारणार?" कावजीने विचारलं.

"म्हणजे काय! का नाही पुकारणार?"

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "तुला तोंड बंद ठेवायला सांगणारा तुझं नाव मोठ्याने घेईल होय रे? जा. पण डोळे उघडे ठेव."

वरती दरबारात एकच गदारोळ झाला. कावळा आला तर मैदान बाटेल, चेंडू बाटेल, असं म्हातारी कबुतरं घसा फोडून सांगू लागली. चेंडू चामड्याचा होता हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहिलं नाही. राजहंसाची मोठी पंचाईत झाली. नाही म्हणावं, तर आम्ही रंग बघत नाही म्हणून इतकी वर्षं सांगितलं त्याचं काय? हो म्हणावं, तर घाटाचं काय? तेव्हा पंच उठले. पंच होते बगळेबुवा. उठले म्हणजे काय, ते कायमच एका पायावर उभे असायचे. त्यांनी फक्त डोळे उघडले.

"पोरांच्या खेळात धाकटं भावंड रडायला लागलं की पोरं काय करतात, महाराज?" बुवा म्हणाले. "त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तेही खूश, खेळही खूश. याला कच्चा लिंबू धरू."

दरबार सुटकेने हलला. लगेच हुकूम निघाला. कावळ्याने खुशाल खेळावं. त्याची फेरी धरू नये. त्याचं नाव पुकारू नये, नुसतं लिंबू म्हणावं. एवढ्यावर थांबायचं, तर राजहंसाला स्वतःच्या दयेचा उमाळा आला आणि त्याने आपल्या तोंडाने शेवटचं वाक्य जोडलं: बिचारा नवखा आहे, त्याला कधीही बाद करू नये. यावर टाळ्या पडल्या. राणीने डोळे टिपले. काकाकुव्याला फेऱ्या मिळाल्या नाहीत, पण केवढं मोठं मन म्हणून जो तो त्याची पाठ थोपटू लागला, आणि फेऱ्यांपेक्षा हे स्वस्तात पडतं हे त्याला कळलं. सगळ्यांचं समाधान झाल्यावर कोणाला तरी आठवलं की कावजीलाही सांगायला हवं.

मैदानावर पुकारा करायचं काम साळूकडे होतं. साळू म्हणजे साळुंकी, रंगाने तपकिरी. पांढऱ्यांनी तिला आपली म्हटलं नव्हतं आणि काळ्यांनीही नाही, म्हणून ती दोघांनाही चालून जायची. पाणी ती दोन घाटांमधल्या खडकाच्या खळग्यातलं प्यायची. नवा खेळणारा फळी घेऊन आला की तिने पंचांना विचारायचं, "भिडू पक्का की कच्चा?" पंच म्हणायचे, "पक्का." आणि खेळ सुरू व्हायचा. हा सवाल-जवाब इतका सवयीचा होता की कोणाचं तिकडे लक्षही नसायचं. कावजी फळी घेऊन उभा राहिला त्या दिवशी मात्र सगळ्यांनी कान टवकारले.

"भिडू पक्का की कच्चा?"

"कच्चा," बगळेबुवा म्हणाले, आणि सारं मैदान हसलं.

पहिला चेंडू कावजीच्या डोक्याच्या रोखाने आला. तो खाली वाकला. दुसरा बरगडीत बसला. त्याने चोच आवळून धरली. तिसरा त्याने असा हाणला की तो मैदान, घाट, तळं सगळं ओलांडून पलीकडच्या उसात पडला. कावजी धावला. पहिल्या दगडापाशी एका कबुतराने त्याचं शेपटीचं पीस उपटलं, तिसऱ्यापाशी कोणीतरी पाय आडवा घातला. तो पडला, उठला आणि घरच्या दगडावर आला. त्याने साळूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

साळूने घसा साफ केला. "मंडळी, चेंडू आपणहून उसात गेलेला आहे," ती म्हणाली. "लिंबू चारही दगड फिरून घरी पोचला आहे. हुकुमाप्रमाणे तो अजून निघालेला नाही. जो निघालेला नाही त्याला धाप लागलेली आहे, आणि जे घडलं नाही त्यात त्याचं एक पीसही गेलेलं आहे."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागच्या फांदीवरचं एक तरुण कबुतर फिस्सकन हसलं. त्याला बघून दुसरं. मघाशी हसली होती तीच पाखरं होती, पण आता ती कावजीकडे बघत नव्हती. ती राजाच्या मंचाकडे बघत होती.

मग हे रोजचंच झालं. कावजी टोलवायचा, धावायचा, मार खायचा, आणि साळू अगदी गंभीर चेहऱ्याने न घडलेल्या गोष्टी सांगायची. "महाराजांनी टाकलेला चेंडू लिंबाला सापडलेला नाही. तो न सापडलेला चेंडू शोधायला गेलेली पाखरं अजून परतलेली नाहीत." पाखरं खेळासाठी कमी आणि साळूसाठी जास्त येऊ लागली. राजहंसाने फर्मावलं की मैदानात हसायचं नाही. झालं! कबुतरांनी हसू गळ्यात दाबलं, गळे टम्म फुगले आणि आतून गुटर्गू, गुटर्गू असा आवाज यायला लागला. तेव्हापासून त्यांचा तो आवाज कायमचा बसला, आणि एखादा मोठा माणूस समोर आला की तो जास्तच येतो.

शेवटी राजहंसाने साळूला समोर बोलावलं. "तुझी जीभ फार वळवळते. उद्यापासून तुझ्या जागी पोपट आणीन. सांगू तेवढंच बोलेल."

"आणायची काय गरज, महाराज?" साळू म्हणाली. "पोपट झालाच आहे की."

मंचावरचे सेवकसुद्धा पंखात तोंड लपवू लागले. तिला त्याच वेळी हाकलून दिली असती, पण मोठा सामना दोन दिवसांवर आला होता आणि एवढ्या थोडक्यात पोपटाकडून सगळं पाठ करून घेणं शक्य नव्हतं. "सामना होऊ दे," राजहंस म्हणाला. "मग बघतो तुझ्याकडे."

त्या संध्याकाळी कावजी बाभळीवर आला आणि खेळायची फळी चिखलात फेकून दिली. "बास झालं, आत्ये. मी नाही जाणार आता."

"का रे? मारलं?"

"मारलं तर रोजच मारतात. त्याचं काही नाही." तो फांदीवर टेकला. "आज धावताना चेंडू लागला मला. सरळ पाठीत. मी थांबलो, म्हटलं बाद झालो. तर बगळेबुवा हसून म्हणाले, चालू दे, बाळा! बाळा म्हणाले मला! मी जिंकलो तर धरत नाहीत हे कळतं मला. पण मला हरूसुद्धा देत नाहीत गं. मी तिथे असतो आणि नसतो. यापेक्षा इथला चिखल बरा, इथे निदान पाय रुतल्याचं कळतं."

आत्याने मान तिरकी करून विचारलं, "म्हणजे तुला बाद करतच नाहीत?"

"नाही."

"झेलला तरी?"

"तरी नाही."

"कधीच?"

"राजाचा हुकूमच आहे तसा, कधीही बाद करू नये म्हणून."

आत्या हसायला लागली. एवढी हसली की फांदीवरून घसरली आणि पंख फडफडवत कशीबशी सावरली. "मग मैदानातून उतरतोस कशाला रे मेल्या?"

कावजी खाली गेला आणि चिखलातून फळी काढून पुसू लागला.

मोठ्या सामन्याच्या दिवशी सगळं राज्य लोटलं. काळी पाखरं रीतीप्रमाणे खालच्या बाभळींवर बसली. तिथून मैदान अर्धंच दिसायचं, पुकारा मात्र ऐकू यायचा. आधी काकाकुव्याचा संघ खेळला. एकेक भिडू आला, काही फेऱ्या झाल्या, एकेक बाद झाला. शेवटी उरला लिंबू. लिंबाने दोन-चार फटके मारायचे, हसं करून घ्यायचं आणि आपणहून फळी ठेवून जायचं, म्हणजे मग राजाची पाळी, असं आजवर चालत आलं होतं. राजहंसाने तर पिसं झाडून तयारीही सुरू केली होती.

कावजीने दोन-चार फटके मारले आणि मग आणखी दोन-चार मारले. एक चेंडू झेलला गेला. तो जागचा हलला नाही. धावताना एक चेंडू मांडीवर लागला. तो चारही दगड फिरून परत आला आणि फळी टेकवून पुढच्या चेंडूची वाट बघू लागला. ऊन चढलं, माथ्यावर आलं, कलायला लागलं. चेंडू टाकणारे हंस धापा टाकू लागले, आणि चेंडू आणायला उसात गेलेली पाखरं तिथेच सावलीला आडवी झाली.

"अरे, पुरे आता!" राजहंस ओरडला. "ठेव ती फळी!"

कावजीने त्या मैदानात पहिल्यांदा चोच उघडली. "बाद करा की," तो म्हणाला. "लगेच जातो."

काकाकुवा धावत आला. "तुला अट घातली होती ना! चोच उघडायची नाही म्हणून?"

"'काव' म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणालो का मी 'काव'?"

काकाकुवा आणखी काही बोलणार होता. पण गादी रिकामी झाली तर ती राणीच्या भावाकडे जाते, हे त्याला नेमकं त्याच वेळी आठवलं. त्याने तुरा खाली केला आणि तो एका झाडाच्या सावलीत जाऊन बसला.

साळूचा पुकारा खालच्या बाभळींपर्यंत खणखणीत येत होता. "मंडळी, मैदानात कोणीही खेळत नाही आहे. जो कोणी नाही, तो सकाळपासून बाद होत नाही आहे. महाराज आपल्या पाळीची वाट बघत आहेत. वाट बघणं कसं असतं, हे महाराजांना आज कळतं आहे." गुटर्गू, गुटर्गू करून कबुतरांचे गळे फुटायची वेळ आली होती.

राजहंसाने बगळेबुवांना बाजूला घेतलं. "उचलून फेका त्याला बाहेर."

"चालू डावात खेळणाऱ्याला उचलून बाहेर काढलं की सामना मोडतो, महाराज. आणि सामना मोडला की आपलीही पाळी गेली."

"मग तो बाद न करण्याचा हुकूम मागे घेतो."

"घ्या. पण बाद फक्त पक्का भिडू होतो. लिंबाला बाद करता येत नाही. पोरांच्यातसुद्धा करत नाहीत." बगळेबुवांनी एका पायावरचा तोल सांभाळत खाली बघितलं. "पक्का धरावा लागेल. आणि पक्का धरला, की बाद झाला तरी नाव पुकारावं लागेल."

राजहंसाने पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य ताडाच्या शेंड्याला आला होता. नाव पुकारलं तर घाट जात होता, नाही पुकारलं तर गादी. आपल्याच दयेच्या वाक्यात आपला पाय असा अडकेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने लांब मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली.

"धरा पक्का," तो पुटपुटला. "आणि चेंडू इकडे द्या. मी टाकतो."

साळूने मुद्दाम सावकाश विचारलं, शब्द न् शब्द खालपर्यंत पोचावा म्हणून. "भिडू पक्का की कच्चा?"

बगळेबुवांनी डोळे मिटून घेतले. "पक्का," ते शेवटी म्हणाले.

खालच्या बाभळींवरची पाखरं फांद्यांच्या टोकाशी सरकली.

राजहंस पळत आला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने चेंडू टाकला. कावजीचे खांदे भरून आले होते. चेंडू हलकेच वर उचलून तो तेव्हाच मोकळा झाला असता. पण मुद्दाम बाद होणाऱ्यांतला कावजी नव्हता. त्याने फळी मागे नेली आणि जिवाच्या करारावर फटका हाणला. चेंडू सणसणत निघाला. सकाळी असता तर उसात गेला असता. आता तो मैदानाच्या कडेपर्यंत गेला, खाली आला, आणि तिथे धावत सुटलेल्या राजहंसाने लांब मान आणखी लांब करून तो चोचीत झेलला. झेल उत्तम होता, यात वादच नाही.

राजहंस आनंदाने नाचायला लागला. "बाद! बाद! बाद!" तो स्वतःच ओरडत सुटला.

साळूने मान वर केली. "कावजी बाद!" ती म्हणाली. मग चारही दिशांना तोंड करून पुन्हा म्हणाली, "कावजी! बाद!"

खालच्या बाभळींवरून जो कल्लोळ उठला, तसा त्या राज्यात कोणी ऐकला नव्हता. आपला माणूस बाद झाला म्हणून ही पाखरं रडत असणार, असं राजहंसाला वाटलं आणि त्याने मोठ्या मनाने एक पंख वर केला. तेवढ्यात आभाळ काळं झालं. कावळे, कोकिळा, कोतवाल, पाणकावळे, सगळे एकदम उठले होते आणि "कावजी बाद! कावजी बाद!" असं गात येत होते. लग्नाच्या वरातीत नाचावं तसे ते हवेत कोलांट्या मारत होते. ते मैदानाकडे आले नाहीत. ते सरळ वरच्या घाटावर उतरले.

घाटावरची म्हातारी कबुतरं फडफडत उडून गेली. मागच्या फांदीवरचं ते तरुण कबुतर तेवढं राहिलं, आणि अंग चोरून थोडं बाजूला सरकलं.

आत्या सगळ्यांत शेवटी पोचली. तिला वाट करून दिली. तिने पांढऱ्या पायरीवर पाय ठेवला, इकडे तिकडे पाहून सगळे बघताहेत ना याची खात्री करून घेतली आणि चोच खाली नेली. पण ती प्यायली नाही. ती तशीच थबकली. खालच्या गढूळ पाण्यात कधी कोणाचं तोंड दिसलं नव्हतं. काळं म्हणजे नेमकं काय, हे ती जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आली होती.

"अगंबाई!" ती म्हणाली. "ही मी होय? काय तुकतुकीत आहे बघा तरी!" आणि मग ती प्यायली. पिताना तिचे डोळे भरून आले, पण तिने घोट मधे थांबवला नाही.

वर मैदानात राजहंस घाईघाईने फळी घेऊन उभा राहिला होता. ऊन ताडाच्या खाली उतरत होतं. चेंडू काकाकुव्याकडे होता. त्याने घाटाकडे पाहिलं, ताडाकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, चेंडू कावजीच्या पुढ्यात टाकला. कावजी पाणी पिऊन नुकताच परतला होता. चोचीवरून अजून थेंब गळत होते. त्याने चेंडू उचलला.

फळीवरचा खेळणारा बदलला होता. साळूने रीतीप्रमाणे पंचांकडे तोंड वळवलं आणि मोठ्याने विचारलं, "भिडू पक्का की कच्चा?"

हा सवाल राजाला आजवर कोणी मनापासून विचारला नव्हता. बगळेबुवांनी राजाकडे पाहिलं. मग घाटाकडे पाहिलं. तिथून ओल्या चोची वर करून काळी पाखरं बघत होती, झाडांवरून कबुतरं बघत होती, आणि कोणाच्याही गळ्यातून गुटर्गू येत नव्हतं. बुवांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा पाय खाली टेकला.

"अहो, पक्काच धरा!" आत्या घाटावरून ओरडली. "नाहीतर बाद कसा करायचा त्याला?"

कावजीने चेंडू एकदा पंखावर पुसला आणि तो धावत निघाला.